ओढ्याकाठची वाट आणि हातातली दोरी

मंडळी, कुत्रा कोणाच्या घरी नाही? गोठ्यापाशी एक असतो, खळ्यावर एक असतो. कोणाचाच नसलेला एखादा देवळाच्या पायरीवर पडलेला असतो. कुत्रा आपली राखण करतो, हे आपण लहानपणापासून जाणतो. पण कुत्र्याची राखण कोणी करायची? आणि कुत्र्यापासून रानाची राखण कोणी करायची? आज आपण त्याचाच विचार करू. यातल्या काही गोष्टी आम्ही वाचून शिकलो. एक गोष्ट मात्र ठेच खाऊन शिकलो.

आमचे गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. गावाच्या वरच्या अंगाला ओढा आहे. ओढ्याच्या दोन्ही काठांनी देवराई आहे. देवाच्या नावाने राखलेले रान म्हणजे देवराई. तिथे कोणी कुऱ्हाड लावत नाही. उंबर, जांभूळ, करंज, हिरडा अशी जुनी झाडे आहेत. खाली पाचोळ्याचा जाड थर असतो. पावसाचे पाणी त्या थरात अडते, जमिनीत मुरते आणि मग सावकाश झिरपत ओढ्यात येते. म्हणून वैशाखात सगळीकडे ठणठणाट झाला, तरी देवराईतल्या डोहात पाणी असते. गावाची विहीरही त्याच पाण्यावर जगते.

या ओढ्याकाठाने एक पायवाट जाते. शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्ही रोज सकाळी त्या वाटेने फिरायला जाऊ लागलो. बरोबर आमचा मोत्या असे. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला. सोबत चांगली होती. माणसाने चालावे, कुत्र्याने हुंगावे. दोघांचेही पाय मोकळे होतात आणि मनही हलके होते.

पहिले काही दिवस आम्ही त्याच्या गळ्यात पट्टा घालून दोरी हातात धरत असू. पण वाटेत भेटणारे लोक हसत. कोणी म्हणे, “गुरुजी, कुत्रं हाय का शेरडू?” कोणी म्हणे, “रानात कशाला बांधताय त्याला? पळू द्या की!” आम्हांलाही लाज वाटू लागली. एके दिवशी आम्ही दोरी सोडली आणि खांद्यावर टाकली. मंडळी, आमची चूक इथेच झाली.

मोकळा कुत्रा रानात काय करतो? तो आपल्या मागे चालत नाही. तो नाकाच्या मागे चालतो. आपल्याला रान म्हणजे झाडे आणि सावली. त्याला रान म्हणजे वासाची पाऊलवाट. इथून ससा गेला, तिथे रानकोंबडी बसली, पलीकडे भेकर पाणी प्यायले, हे सारे त्याला नाकाने कळते. कळले की तो धावतो. त्यात त्याचा दोष नाही. तो त्याचा जातिस्वभाव आहे.

त्या चैत्रात ओढ्याच्या वाळवंटात टिटवीने अंडी घातली होती. टिटवी घरटे झाडावर बांधत नाही. उघड्या जमिनीवर खडे गोळा करून बहुधा चार अंडी घालते. अंड्यांचा रंग खड्यांसारखा असतो. आपल्याला पायापाशी असली तरी दिसत नाहीत. मोत्या तिकडे गेला की टिटव्यांची जोडी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत सुटे. आम्ही म्हणत असू, टिटवी ओरडतेच. चौथ्या दिवशी पाहिले तर नुसती टरफले उरली होती. मोत्याने खाल्ली की कोल्ह्याने, ते आम्ही पाहिले नाही. पण मोत्या जाऊन जाऊन टिटव्यांना अंड्यांवरून उठवत होता, हे तर आम्ही रोज पाहत होतो. त्याच वेळी आम्ही शहाणे व्हायला हवे होते. झालो नाही.

वैशाखातली गोष्ट. सकाळची वेळ. शेजारच्या काकूंचा नातू सुटीला आला होता. आठ वर्षांचा पोर. तोही आमच्याबरोबर आला. डोहाजवळ पोहोचलो आणि मोत्या एकदम करवंदीच्या जाळीत घुसला. आत मोठी झटापट झाली. आम्ही हाका मारल्या, त्याने ऐकल्या नाहीत. थोड्या वेळाने जाळीतून एक कोल्हा बाहेर पडला. दिवसाउजेडी, माणसे समोर उभी असताना, तो पळाला नाही. झोकांड्या खात ओढा उतरून गेला. मागून मोत्या आला. त्याचा कान फाटला होता.

पोराला दया आली. आम्ही दोरी उलगडेपर्यंत त्याने हाताने मोत्याचे रक्त पुसलेसुद्धा. त्याच्या हातावर करवंदीच्या काट्यांचे ताजे ओरखडे होते.

घरी आल्यावर काकूंनी हळदीचा डबा काढला. म्हणाल्या, “एवढ्याशा ओरखड्याला काय व्हतंय?” पण आम्हांला तो कोल्हा दिसत होता. रानातले जनावर माणसाला भीत नाही, दिवसा झोकांड्या खाते, तेव्हा ते पिसाळलेले असू शकते, हे आम्ही वर्गात कितीदा तरी शिकवले होते.

आम्ही पोराचा हात नळाखाली धरला. साबण लावून वाहत्या पाण्याने घड्याळ लावून पंधरा मिनिटे धुतला. हळद नाही, चुना नाही, तिखट नाही, आणि पट्टीही नाही. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो.

डॉक्टरबाईंनी सगळे ऐकून घेतले. म्हणाल्या, “कोल्ह्याची लाळ कुत्र्याच्या कानावर असणार. तिथून ती या ओरखड्यांत गेली असेल. धोका पत्करायचा नाही.” त्यांनी लस टोचली. जखमेत घालायच्या दुसऱ्या औषधासाठी त्याच दिवशी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात पाठवले. लस म्हणजे शरीराला लढायला शिकवणारी तालीम. तालमीला काही दिवस लागतात. तोवर लढायला तयार शिपाई हवेत, ते या दुसऱ्या औषधात असतात. लसीच्या तारखा ठरल्या: पहिला दिवस, मग तिथून तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा.

मग बाईंनी विचारले, “कुत्र्याला लस दिलीय?”

आम्ही मान खाली घातली. चाळीस वर्षे मास्तरकी केली, गावाला स्वच्छता शिकवली, आणि आपल्या कुत्र्याला लस टोचली नव्हती.

मोत्याला गुरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी त्यालाही सुया टोचायला सुरुवात केली, पण स्पष्ट सांगितले, “लस आधी दिलेली असती तर भरवसा होता. आता सांगता येत नाही. वेगळा बांधा, मुलांना जवळ जाऊ देऊ नका.” आम्ही त्याला मागच्या पडवीत साखळीने बांधले. पाणी आणि भाकरी लांबून काठीने सरकवत होतो.

चोविसाव्या दिवशी त्याने भाकरी हुंगली आणि सोडून दिली. दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज बदलला. मग तो साखळी चावू लागला. तोंडातून लाळ गळू लागली. आम्हांलाही तो ओळखेना. सत्ताविसाव्या दिवशी पहाटे मोत्या गेला. हातमोजे घालून, त्याला हात न लावता, लांब खोल खड्ड्यात पुरले.

पोराची शेवटची सुई दुसऱ्या दिवशी होती. काकू त्याला घेऊन निघाल्या, तेव्हा आमच्या दारात थांबल्या. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “गुरुजी, तुमी शिकवलेलं तुमीच इसरला.” ते वाक्य आम्ही अजून विसरलो नाही.

या गोष्टीला सहा वर्षे झाली. तो मुलगा आता नववीत आहे. धडधाकट आहे. वेळेवर धुतलेली जखम आणि वेळेवर घेतलेल्या सुया, यांनी त्याला राखले. पिसाळण्याचा रोग एकदा अंगात दिसू लागला, की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. पण दिसू लागण्याआधी लस घेतली, तर तो टळतो. फ्रान्स देशात लुई पाश्चर नावाचे थोर शास्त्रज्ञ होऊन गेले. ६ जुलै १८८५ रोजी त्यांनी पिसाळलेला कुत्रा चावलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलावर या लसीचा उपचार सुरू केला आणि तो मुलगा वाचला. तेव्हा त्या मुलाला दूरच्या गावाहून पॅरिसला जावे लागले होते. आज लस सरकारी दवाखान्यात मिळते. तरीही आपण हळद लावून घरी बसलो, तर दोष कोणाचा?

आता रानाची बाजू पाहू. रोग रानातून कुत्र्याला येतो, तसा कुत्र्याकडून रानालाही जातो. कुत्र्यांना डिस्टेंपर नावाचा एक रोग होतो. गुजरातेत गीरचे जंगल आहे. तिथे सप्टेंबर २०१८ मध्ये वीसहून अधिक सिंह दगावले. तपासणीत त्यांतल्या काहींच्या अंगात याच रोगाचे विषाणू सापडले. सिंहासारखा सिंह, पण कुत्र्याच्या रोगापुढे टिकला नाही! मग आपल्या देवराईतल्या कोल्ह्याची, उदमांजराची काय कथा?

कुत्रा कोणाला चावला नाही, तरी त्याच्या नुसत्या येण्याने रान बिचकते. ऑस्ट्रेलियात सिडनी शहराजवळच्या जंगलवाटांवर याची पाहणी झाली. ती २००७ साली छापून आली. ज्या वाटेने माणूस कुत्र्याला दोरीने धरून गेला, तिथे पक्ष्यांच्या जाती सुमारे ३५ टक्क्यांनी कमी दिसल्या आणि पक्ष्यांची संख्या सुमारे ४१ टक्क्यांनी कमी भरली. एकटा माणूस गेला, तेव्हा पक्षी एवढे उठले नाहीत. ध्यानात घ्या, तिथले कुत्रे बांधलेले होते. म्हणजे दोरी हवीच, पण रानाच्या गाभ्यात दोरीसुद्धा पुरत नाही.

आणि बिबट्या? अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेची तपासणी झाली. त्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. भल्या पहाटे किंवा दिवस मावळल्यावर कुत्रा रानात सोडणे म्हणजे बिबट्याला आवतण देणे. शिवाय पळत आलेल्या कुत्र्यामागे बिबट्या आपल्याच अंगावर यायचा.

मोत्या गेल्यावर गावाची देवळात बैठक भरली. आम्ही सारे सांगितले. आमची चूकही सांगितली. एक म्हातारबुवा म्हणाले, “कुत्रं बांधून ठेवलं, तर राखण कोण करणार?” प्रश्न रास्त होता. खळ्यावरचा कुत्रा खळ्यावर राखण करतो. देवराईत त्याला राखण्यासारखे काय आहे? तिथली राखण देवाने आपल्याकडे दिली आहे. मेंढपाळ दादा म्हणाले, “माझं कुत्रं शिट्टीवर थांबतं, पण मी बी त्याला राईत न्हेत नाय. बाहेरच्या वाटेनंच न्हेतो.” मग सर्वांच्या विचाराने नियम ठरले. ते असे:

१. कुत्रे तीन महिन्यांचे झाले की त्याला पिसाळण्याविरुद्धची लस टोचायची. पुढे गुरांचे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दर वर्षी टोचायची. तारखेचा कागद जपून ठेवायचा. डिस्टेंपरची लसही विचारून घ्यायची.

२. ओढ्याच्या वाटेवर कुत्रा दोरीनेच न्यायचा. गळ्याचा पट्टा आणि मान यांमध्ये दोन बोटे जावीत. दोरी चार-पाच हातांपेक्षा लांब नको. दोरी मोठ्या माणसाच्या हाती, लहान मुलाच्या हाती नाही.

३. शेंदूर लावलेल्या धोंड्यापाशी थांबायचे. त्याच्या आत कुत्रा न्यायचा नाही. पाखरांची अंडी-पिल्ले असतात, त्या महिन्यांत तर मुळीच नाही.

४. ऊन पडल्यावर जायचे आणि दिवस मावळायच्या आत परतायचे.

५. कुत्र्याची घाण डोहाच्या काठी राहू द्यायची नाही. तिच्यात जंतांची अंडी असतात. ओल्या मातीत जंत वाढतात आणि अनवाणी पायातून अंगात शिरतात. घाण फावड्याने उचलून पाण्यापासून लांब पुरायची. घरी आल्यावर कुत्र्याच्या कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड पाहायची.

६. रानातल्या जनावरामागे कुत्रा सोडायचा नाही. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात जनावर मारणे हीच फक्त शिकार नाही. पाठलाग करणे आणि हाकून काढणे, हेही शिकारीतच मोडते.

७. कुत्रा, कोल्हा, माकड, कोणीही चावले किंवा ओरखडले, तर पंधरा मिनिटे साबण आणि वाहते पाणी. मग थेट दवाखाना. सगळ्या सुया पूर्ण करायच्या. मधली एकही चुकवायची नाही.

आज आमच्या घरी दुसरा कुत्रा आहे. त्याच्या लसीचा कागद आम्ही भिंतीवर चिकटवला आहे. येणारा-जाणारा तो वाचतो. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. आपल्या कुत्र्याचा असा कागद तुम्हांलाही वाचता येईल. तारीख उलटली आहे की नाही, हे दुसऱ्याला विचारावे लागणार नाही. वाचायला शिकल्याचा हा रोजचा लाभ आहे.

आम्ही अजूनही त्या वाटेने जातो. दोरी हातात असते. लोक हसायचे थांबले आहेत, कारण आता त्यांच्याही हातात दोरी असते. गेल्या चैत्रात वाळवंटात टिटवीची चार पिल्ले आईमागे तुरूतुरू पळताना पाहिली. कुत्र्याने कान टवकारले, दोरी ताणली. आम्ही ती घट्ट धरली. पिल्ले गवतात शिरली.

मंडळी, देवराईची शीव कुत्र्याला कळत नाही. ती आपल्याला कळते. म्हणून दोरीचे एक टोक त्याच्या गळ्यात आणि दुसरे आपल्या हातात.

विचार करा आणि उत्तरे लिहा

१. गुरुजींनी दोरी का सोडली? तुमच्यावर अशी वेळ आली, तर तुम्ही काय कराल?
२. ओरखडा धुताना गुरुजींनी काय केले आणि काय केले नाही?
३. लसीच्या तारखा आपल्या वहीत अंकांत लिहा.
४. तुमच्या गावच्या रानात कुत्रा कुठपर्यंत न्यावा? चार शेजाऱ्यांशी बोलून एक नियम लिहा.