पांच किलोमीटरची शर्यत

आरंभींच सर्व बळ खर्चून शेवटीं रस्त्याच्या कडेला रडत बसलेला मुलगा आपण पाहिला असेल. दोष त्याच्या पायांचा नव्हे, सरावाचा.

१९५२ सालीं हेलसिंकी येथें पांच हजार मीटर, दहा हजार मीटर व मॅरेथॉन या तिन्ही शर्यती जिंकणारा एमिल झाटोपेक सरावांत चारशें मीटर वेगानें धांवे, मग थोडें अंतर सावकाश. असें तो पुनः पुन्हां करी. मधल्या विसाव्यामुळें जलद धांव अनेकदां साधते.

आठवड्यांतून एकदां अशा सहा फेऱ्या कराव्या. इतर दिवशीं सहज बोलतां येईल इतक्या संथपणें धांवावें व एक दिवस पूर्ण विश्रांति घ्यावी. शर्यतींत पहिला किलोमीटर आवरूनच धांवावा.

पालकांनीं मुलांची झोंप सांभाळावी. पाय दुखत असतां त्यांस धांवूं देऊं नये.