त्याचे शब्द गाळू नकोस

चि. अनिकेत,

गेलेल्या दादाच्या आठवणी लिहिताना त्याच्या तोंडचे टपोरी शब्द गाळावेत, असं तुला वाटतं. माझं मत नेमकं उलट आहे. ‘हॉब्सन-जॉब्सन’ उघडून बघ. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीचा हा कोश हेन्री यूल आणि बर्नेल यांनी रचला. बर्नेल १८८२ साली वारला. यूलने काम एकट्याने तडीस नेलं, १८८६ साली कोश छापला आणि थोरला भाऊ जॉर्ज याला अर्पण केला. त्याच वर्षी जॉर्जही गेला. कोशाचं नावसुद्धा दोन भावांच्या शोकातून आलेलं. मोहरमला छाती पिटत ‘या हसन, या हुसेन’ असा आक्रोश चाले. गोऱ्या शिपायांनी त्याचं ‘हॉब्सन-जॉब्सन’ करून टाकलं. ही दुसऱ्याच्या दुःखाची टिंगलच, यात शंका नाही. पण यूल नुसता अर्थ देऊन थांबला नाही. कुणी, कोणत्या साली, कसं लिहिलं याचे दाखले त्याने ओळीने मांडले. जुन्नरपर्यंत जाऊन आलेल्या डॉक्टर फ्रायरचं १६७३ मधलं ‘हॉसी गॉसी’ हे त्याच आक्रोशाचं रूपही त्यात आहे. त्या दाखल्यांमुळेच टिंगलीच्या तळाशी असलेला शोक आज आपल्याला दिसतो. शब्द असभ्य म्हणून वगळला असता, तर दोन्ही पुसलं गेलं असतं.

तू म्हणशील, भावाला ग्रंथ अर्पण करताना यूलने भारदस्त लॅटिनच वापरली ना? वापरली. त्या मोजक्या ओळींतून भाऊ किती लाडका होता ते कळतं. तो कसा बोलायचा, ते कळत नाही. श्रद्धांजलीची भाषा कुणालाही चालते, तिथेच तिची अडचण आहे. राहिला अश्लीलतेचा मुद्दा. इंग्रज कोशकार ग्रोसने १७८५ मध्येच लंडनच्या गल्लीबोळांतली बोली कोशात घातली होती. तरी शंभर वर्षांनी फार्मर या कोशकाराच्या बोलीकोशातले शब्द छापायला मुद्रकाने नकार दिला. फार्मर कोर्टात गेला आणि हरला. (कोर्टाला शब्दांची लाज फार!) पण सहसंपादक हेन्लीबरोबर त्याने १९०४ पर्यंत कोशाचे सात खंड पुरे केलेच. आता, टिपणं वेगळं आणि छापणं वेगळं. कुणा जिवंत माणसाला लागेल असा शब्द वहीतच राहू दे. वहीतून मात्र खोडू नकोस.

उदाहरणार्थ, ‘राडा’ म्हणजे दादाच्या लेखी मारामारी, की नुसती धांदल? कुणाशी बोलताना, कुठे, कोणत्या वर्षी? त्याचे मित्र अजून गावात आहेत, तोवर विचारून घे.

तुझे सर