मांजराचे दुखणे कसे ओळखावे?



आपल्यापैकी अनेकांच्या घरी मांजर आहे. मांजर आजारी पडले तर सहसा कण्हत नाही. ते दुखणे लपवते. पलंगाखाली किंवा माळ्यावर जाऊन गप्प पडते आणि आपल्याला वाटते, झोपले आहे. म्हणून मांजर पाळणाऱ्याने रोज पाच मिनिटे त्याच्याकडे नीट लक्ष द्यावे, एवढेच या पाठाचे सार आहे.

आम्हाला हे उशिरा कळले. आमचा बोका वारंवार मातीच्या पेटीत बसून जोर करीत होता. पोट साफ होत नसेल असे समजून आम्ही त्याला कोमट दूध दिले आणि वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेले, तेव्हा वेळ निघून गेली होती. त्याची लघवी तुंबली होती.

लघवी तुंबणे : बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. त्यात खडे किंवा चिकट द्रव अडकला की लघवी थांबते, रक्तातील पोटॅशियम वाढते आणि हृदय बंद पडू शकते. बोका जोर करीत असेल व लघवी होत नसेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, पशुवैद्यांकडे न्यावे. घरात दोन-तीन ठिकाणी स्वच्छ पाणी ठेवावे, पेटी रोज साफ करावी आणि मांजराचे वजन फार वाढू देऊ नये.

आहार : आपल्याकडे मांजराला दूध-पोळी घालण्याची पद्धत आहे. पण मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. शिवाय मांजराला टॉरिन हे द्रव्य लागते. ते त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही, मांस-मासळीतूनच मिळते. टॉरिन कमी पडल्यास मांजर आंधळे होते, हे १९७५ साली सिद्ध झाले. त्याने हृदयही निकामी होते, हे १९८७ साली अमेरिकेतील पशुवैद्य पॉल पायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. शाकाहारी घरात मांस शिजविणे अवघड जाते, हे खरे. तेथे मांजरांसाठीचे तयार खाद्य द्यावे. कुत्र्याचे खाद्य चालणार नाही.

माणसांची औषधे : मांजर मलूल दिसले म्हणून त्याला पॅरासिटामॉल कधीही देऊ नये. मांजराचे यकृत ते औषध निकामी करू शकत नाही. तांबड्या रक्तपेशींना प्राणवायू वाहून नेता येत नाही. अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. कुत्र्यांच्या गोचिडांवरील परमेथ्रिनयुक्त औषधही मांजराला विषारी असते.

लसी : पिल्लू ६ ते ८ आठवड्यांचे झाले की लसीकरण सुरू करावे आणि ३-४ आठवड्यांच्या अंतराने १६ आठवड्यांपर्यंत पूर्ण करावे. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर देतात. जंतांचे औषध पशुवैद्यांच्या सल्ल्याने द्यावे. मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. जखमेवर हळद, चुना, तिखट लावू नये. मुलांनो, रागावतील म्हणून ओरखडा घरी लपवू नका. पालकांनीही यावरून मुलांना रागावू नये.

ही लक्षणे दिसताच दवाखाना गाठावा :
१. दिवसभर काहीही न खाणे. उपाशी मांजराचे, विशेषतः लठ्ठ मांजराचे, यकृत बिघडू शकते.
२. तोंड उघडून धापा टाकणे, किंवा झोपेतही मिनिटाला ४० पेक्षा जास्त श्वास.
३. हिरड्या पांढऱ्या, पिवळ्या किंवा निळसर दिसणे.
४. वारंवार उलट्या, जुलाब.
५. अंग चाटून स्वच्छ करणे सोडून देणे.

स्वाध्याय : सात दिवसांची वही करा. मांजराने काय खाल्ले, पाणी प्यायले का, लघवी किती वेळा झाली आणि शांत झोपेत मिनिटाला किती श्वास झाले, हे रोज लिहा. निरोगी मांजराचे श्वास साधारण ३० पेक्षा कमी असतात. आपल्या मांजराचे नेहमीचे वागणे ठाऊक असले, तरच बिघाड लवकर ध्यानात येतो. आमच्या घरी अशी वही असती, तर लघवी झाली नाही हे पहिल्याच दिवशी दिसले असते.