पेलेटच्या डब्यावरचा नंबर

पोरी, परदेशात ३०० मीटरवर मोठ्या बोअरची रायफल चालवणारे आपली काडतुसं आपणच भरतात, मग आपण का भरू नये, असं तू विचारलंस. तर ऐक. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे, त्यामुळे तो नाद सोड. आणि ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफलचं पॉइंट टू-टू काडतूस पुन्हा भरताही येत नाही. त्याचा पेटणारा मसाला बुडाच्या कडेत असतो, पिन ती कडच चेपते, मग रिकामी केस टाकूनच द्यायची. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला ४५१.४ गुणांवर ऑलिंपिकचं कांस्यपदक घेतलं, ते कारखान्यात भरलेल्या काडतुसांवरच.

मग हाताशी उरतं काय? निवड. एकाच कंपनीचा माल, पण लॉट बदलला की नळीला तो मानवेलच असं नाही. तुझ्या १० मीटर एअर रायफलचंही तसंच. पेलेटच्या डब्यावर लॉट नंबर असतो, डोक्याचं माप असतं, ४.४९, ४.५० असं. कोणतं माप चांगलं, हे दुकानदाराला विचारू नकोस, तुझ्या नळीला विचार. आसेगावात घरचं सोयाबीन पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण बघतात, तशी दोन-चार वेगवेगळ्या लॉटची एकेक डबी आधी आण.

चाचणी घेताना रायफल खांद्यावर नको. जड टेबलाला शिकंजा बसव, जबड्यांना लाकूड आणि चामडं लाव, आणि पकड नळीवर येऊ देऊ नकोस. पेलेट बदलला की पहिले काही शॉट मोजू नकोस, नळीला नव्या शिशाची सवय होऊ दे. मग कोऱ्या कागदावर दहा शॉटचा एक गट. कागदावर लॉट नंबर लगेच लिही, नंतर लिहू म्हटलं की घोळ होतो. सगळ्यात बाहेरच्या दोन कडांमधलं अंतर व्हर्नियरनं मोज. एका गटावर भाळू नकोस, प्रत्येक लॉटचे निदान तीन गट काढ. आपल्या लक्ष्यावर अडीच मिलिमीटर सरकलं की एक गुण जातो, म्हणजे एक मिलिमीटरला ०.४. साठ शॉटच्या मॅचमध्ये ही गळती किती होते, ते तूच मांडून बघ.

जो लॉट जमेल त्याचे मोसमभराचे डबे एकदमच घे. बिल करताना प्रत्येक झाकणावरचा नंबर स्वतः वाच.

डबा हातात आला की पेलेट काचेवर एकेक सोडून बघ. मागची झालर वाकलेली असेल तर तो नीट गोल फिरत नाही, अडखळतो. तो सरावालाही वापरू नकोस. काही जण ग्रॅमचा हजारावा भाग मोजणाऱ्या काट्यावर प्रत्येक पेलेट तोलतात. माझ्या मते त्यात वेळ जातो, हाती फार लागत नाही. झालर बघणं जास्त मोलाचं. डबा दुचाकीच्या डिकीत टाकून वाशिमपर्यंत आदळत नेऊ नकोस, शिसं मऊ असतं. पेलेट ओठात धरायचा नाही, आणि सराव संपला की साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही. यात हयगय केलेली मला चालणार नाही.

रायफलच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीखही बघत जा. दहा वर्षं उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही.

आता क्रमाचं सांगतो. साठ शॉटला दशांश मोजणीत तुझे ६०० गुण होत नाहीत तोवर लॉटच्या मागे पैसा घालू नकोस. कोणताही बरा मॅच पेलेट घे आणि रोज रिकाम्या रायफलवर ड्राय फायरिंग कर. ६०० सलग येऊ लागले की माझ्याकडे ये, शिकंजा आपण दोघं मिळून बसवू.