तीर्थयात्रेची आखणी : पैठण ते पंढरपूर

‘तीर्थ’ हा शब्द ‘तृ’ धातूपासून झाला. तृ म्हणजे तरून जाणे. ज्याच्या योगे तरून जावे ते तीर्थ. आता मोटारीत बसून दिवसाला चार देवळे पाहणारा तरून जातो की नुसताच धावतो, हा प्रश्न आहे. आणि तो मी दुसऱ्याला विचारण्याआधी स्वतःला विचारला पाहिजे. का ते पुढे सांगतो.

पायी वारीची गोष्ट वेगळी. तिथे मुक्काम पूर्वजांनी ठरवून ठेवले आहेत, आपण फक्त चालायचे. पण गाडी करून संतांची गावे पाहायची म्हटले की मुक्काम आपणच ठरवायचे असतात, आणि तिथेच माणूस लोभात पडतो.

आधी शेवट धरावा. एकादशीला पंढरी, हे ठरले की मागे मोजत यावे. पंचांगात स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादश्या लागोपाठ असतील तर आपली भागवत. तिथीचा क्षय-वृद्धी असतो, म्हणून नुसती तारीख धरून चालत नाही.

माझी आखणी अशी. षष्ठीला पैठण, गोदास्नान, नाथांची समाधी, तिथेच मुक्काम. (फाल्गुन वद्य षष्ठी मात्र सोडून. त्या दिवशी नाथषष्ठीची यात्रा असते, तिला जायचे तर त्यासाठीच जावे.) सप्तमीला सकाळी जवळच आपेगाव, माउलींच्या घराण्याचे गाव, मग दिवसभर प्रवास करून औंढा नागनाथ. अष्टमीला लवकर उठून नरसी, नामदेवरायांचे गाव. परत फिरून परभणीवरून गंगाखेड, तिथे जनाबाईंना नमस्कार, आणि रात्री परळी. नवमीला वैद्यनाथाचे दर्शन, तिथून सुमारे पंचवीस किलोमीटरवर अंबाजोगाई. योगेश्वरी, मुकुंदराजांची समाधी. पुढे तेरला गोरोबाकाका आणि मुक्कामाला तुळजापूर. दशमीला आईचे दर्शन घेऊन सोलापूर, मंगळवेढा, संध्याकाळी चंद्रभागा.

वार पाहायला विसरू नये. सोमवारी औंढ्याला आणि परळीला गर्दी, मंगळवार, शुक्रवार व पौर्णिमेला तुळजापुरात. श्रावणात तर विचारूच नका.

औंढ्याची एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. तिथले गाभारघर जमिनीखाली आहे. अरुंद वाटेने वाकून खाली उतरावे लागते. गुडघे धरलेली माणसे उतरताना घाबरतात, मागचे ढकलतात. म्हणून म्हाताऱ्यांना सकाळी, गर्दी होण्याआधी न्यावे, आणि ज्याला झेपत नाही त्याला वरूनच हात जोडू द्यावेत. आग्रह करू नये. तुळजापुरातही पायऱ्या उतराव्या लागतात.

आता माझे सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी ही सगळी ठिकाणे मी तीन दिवसांत बसवली होती. हिशोब कागदावर चोख होता! जेवणाला एके ठिकाणी उशीर झाला, टायर फुटला, आणि नरसीला पोचायला मध्यरात्र झाली. देऊळ बंद. आमच्यात एक आजी होत्या. बाकीची ठिकाणे त्यांना मिळाली तर बरी, न मिळाली तरी चालत होते. त्या आल्या होत्या त्या नामदेवरायांसाठी. म्हणाल्या, “महाराज, सकाळपर्यंत थांबू या की. मी वट्यावर निजते.” मी म्हणालो, “आजी, सकाळी परळी गाठायची आहे, पुढचे सगळे चुकेल.” त्यांनी बंद दारावर डोके टेकले, पदराने डोळे पुसले आणि गाडीत येऊन बसल्या. वाटेत हरिपाठ चालला होता, त्यात त्यांचा आवाज नव्हता. परळी वेळेवर गाठली. पुढच्या आषाढीला आमच्या दिंडीत त्या नव्हत्या. माघातच गेल्या होत्या.

तेव्हापासून निघण्याआधी मी प्रत्येकाला विचारतो, “तुमचे गाव कोणते?” म्हणजे राहायचे नव्हे, ज्यासाठी निघालात ते. त्या गावी मुक्काम ठेवतो, निदान सकाळची वेळ तरी. बाकीचे गळले तर गळू देतो. रोज अर्धा दिवस रिकामा राखतो, तो कशात ना कशात खर्च होतोच. रात्री गाडी चालवू देत नाही; चालकालाही झोप लागते. एकादशीच्या फराळाचे सामान दशमीलाच घेऊन ठेवतो.

गेल्या खेपेला तेर गळले. एक गृहस्थ रुसले. त्यांना म्हटले, पुढच्या वर्षी तुमच्यासाठी तेरपासूनच सुरुवात करू.