सोन्याचा मुलामा आणि जोडणीचा टिकाऊपणा

संगणकातील काही सर्किट बोर्डांची एक कड खाचेत बसविलेली असते. त्या कडेवर तांब्याच्या अरुंद पट्ट्या ओळीने असतात व खाचेतील लवचिक पात्या त्यांवर दाबून बसतात. विद्युत्प्रवाह या स्पर्शातूनच जातो. म्हणून पट्टीच्या पृष्ठभागावर यंत्राची विश्वासार्हता अवलंबून असते.

उघडे तांबे हवेत काळवंडते आणि त्यावरील थर प्रवाहास विरोध करतो. सोने हवेत गंजत नाही, म्हणून पट्ट्यांवर त्याचा मुलामा देतात. परंतु तांब्यावर थेट सोने चढविल्यास तांब्याचे अणू कालांतराने सोन्यातून पृष्ठभागावर येतात. यासाठी दोहोंमध्ये निकेलचा थर देतात. तो तांब्याला अडवितो, व कठीण असल्याने सोन्यास भक्कम आधारही देतो.

शुद्ध सोने मऊ असते. बोर्ड घालता-काढताना पात्या त्यावर घासतात व ते झिजते. त्यात अत्यल्प कोबाल्ट किंवा निकेल मिसळल्यास ते कठीण होते. वारंवार काढघाल होणाऱ्या कडेवर अशा सोन्याचा सुमारे ०.७५ मायक्रॉन जाडीचा थर देण्याचा प्रघात आहे. माणसाचा केस याच्या जवळजवळ शंभर पट जाड असतो! केवळ डाग देणे सुलभ व्हावे म्हणून रासायनिक रीतीने दिलेला मऊ सोन्याचा थर तर ०.१ मायक्रॉनहूनही पातळ असू शकतो. असा थर थोड्याच काढघालीत झिजून निकेल उघडे पडते.

कथिलाचा मुलामा स्वस्त असतो. पण त्यावर ऑक्साइडाचा कठीण पापुद्रा बनतो. यंत्र तापते व निवते, तेव्हा स्पर्शबिंदू किंचित सरकतात. प्रत्येक हालचालीत पापुद्रा फुटतो, नवे कथिल उघडे पडते व त्याचेही ऑक्साइड बनते. या चुऱ्याने जोडणीचा रोध वाढतो. एका बाजूस सोने व दुसरीस कथिल असले, तर कथिलाचे कण सोन्यावर चिकटतात आणि तेथेही हाच प्रकार घडतो. १९९० नंतरच्या दशकात संगणकांच्या स्मृतिफलकांच्या बाबतीत हा दोष चर्चिला गेला.

असा फलक काढून पुन्हा बसविला, की यंत्र चालू लागते. कारण घासल्याने पापुद्रा निघतो. परंतु हा उपाय तात्पुरता होय. खरखरीत रबराने वा पॉलिश कागदाने कड घासणे तर घातकच, कारण मळाबरोबर संरक्षक सोनेही निघून जाते. तात्पर्य, दोन्ही बाजूंस एकच धातू आणि काढघालीच्या मानाने पुरेसा जाड थर, ही टिकाऊ जोडणीची लक्षणे होत.