महासाथीतील उन्हाळी वाचन : सार्वजनिक ग्रंथालयांच्या नियोजनाचा अभ्यास

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली. पुढच्या वर्षी, २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, दुसरी लाट आली. अशा रीतीने मुलांचे सलग दोन उन्हाळे ग्रंथालयाविना गेले. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी भाषकांसाठी या गोष्टीला वेगळे महत्त्व आहे. कन्नड, हिंदी, गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या आपल्या अनेक मुलांचा मराठी पुस्तकाशी संबंध येतो तो प्रामुख्याने मे महिन्याच्या सुट्टीत. शाळेने हा संबंध राखावा अशी सोय नाही. त्यामुळे इतरत्र बुडाला तो वाचनाचा एक हंगाम. आपल्याकडे मात्र मुलांच्या हातून लिपीचा सरावच सुटण्याची भीती होती. परदेशांतील सार्वजनिक ग्रंथालयांनी या काळात उन्हाळी वाचनाचे नियोजन कसे केले आणि त्यातून आपल्याला काय घेता येईल, हे प्रस्तुत लेखात पाहायचे आहे.

१. सुट्टी आणि वाचन

अमेरिकेतील ग्रंथालयांत उन्हाळी वाचनाचे उपक्रम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. सुट्टीत मुलांचे नेमके काय होते, याचा पद्धतशीर शोध समाजशास्त्रज्ञ बार्बरा हेन्स यांनी अटलांटा शहरातील विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून घेतला. त्यांचा ग्रंथ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. सुट्टीत मूल किती पुस्तके वाचते याचा त्याच्या प्रगतीशी स्पष्ट संबंध त्यांना आढळला. सार्वजनिक ग्रंथालयाचा वाटा त्यात मोठा होता. घरापासून ग्रंथालय किती दूर आहे, यावरही वाचन अवलंबून असल्याचे त्यांनी दाखवले.

नियोजनाच्या दृष्टीने अंतराचा हा मुद्दा कळीचा आहे. टाळेबंदीत शेजारच्या गल्लीतले ग्रंथालयही मुलाला अप्राप्य झाले. म्हणून त्या काळातील प्रत्येक उपक्रमाची पहिली कसोटी एकच ठरते : वाढलेले हे अंतर त्याने किती कमी केले?

२. दार बंद असताना

ब्रिटनमध्ये 'द रीडिंग एजन्सी' ही संस्था १९९९ पासून ग्रंथालयांच्या साहाय्याने 'समर रीडिंग चॅलेंज' हा उपक्रम चालवते. सुट्टीत सहा पुस्तके वाचायची, असे त्याचे नेहमीचे स्वरूप. २०२० मध्ये ग्रंथालये बंद असल्याने तो संकेतस्थळावर नेण्यात आला आणि शाळा बंद असल्याने नेहमीपेक्षा लवकर, जूनमध्येच, सुरू करण्यात आला. त्या वर्षीचा विषय होता विनोदी पुस्तके. भयाच्या दिवसांत मुलांना हसू द्यावे, ही निवड शहाणपणाची म्हणावी लागेल.

अमेरिकेत अनेक राज्यांची ग्रंथालये मिळून एक सामाईक विषय ठरवतात. २०२० साठी परीकथा, पुराणकथा आणि अद्भुतकथा हा विषय आधीच ठरलेला होता. विषय तोच राहिला, बदलली ती पद्धत. पुस्तके आधी मागवायची आणि ग्रंथालयाच्या दाराशी गाडीत बसूनच घ्यायची, अशी सोय झाली. हस्तकलेचे साहित्य पिशवीत भरून घरी दिले जाऊ लागले. कथाकथन पडद्यावरून होऊ लागले. त्यासाठी अनेक प्रकाशकांनी वाचनाच्या परवानगीचे नियम तात्पुरते सैल केले. काही ठिकाणी चित्रपुस्तकाची पाने उद्यानातील पायवाटेच्या कडेला क्रमाने लावली गेली. मुलांनी चालत जावे आणि गोष्ट वाचावी. 'स्टोरीवॉक' नावाची ही कल्पना २००७ मध्ये व्हर्माँट राज्यातील माँटपेलियर येथे निघाली होती. महासाथीत तिचे मोल नव्याने कळले.

पडद्यावरच्या कार्यक्रमांची मर्यादाही लगेच दिसली. ज्या घरी संगणक किंवा पुरेसे इंटरनेट नाही, त्या घरातले मूल बाहेरच राहिले. बंद इमारतीतील वाय-फाय चालू ठेवून ते अंगणात उपलब्ध करण्याचा मार्ग अनेक ग्रंथालयांनी पत्करला. आपल्याकडे एकच मोबाइल आणि तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, अशी घरे पुष्कळ आहेत. म्हणून आपला आराखडा छापील पुस्तकावरच उभा असायला हवा. पडदा फार तर जोडीला.

३. पुस्तक किती दिवस बाजूला ठेवावे?

पुस्तकातून रोग पसरेल ही धास्ती जुनी आहे. संसर्गजन्य रोग असलेल्या घरातून ग्रंथालयाची पुस्तके परत आणण्यावर इंग्लंडमध्ये १९०७ च्या कायद्यानेच निर्बंध घातला होता. २०२० मध्ये अमेरिकेत 'रिअल्म' या प्रकल्पाने या प्रश्नाची प्रयोगशाळेत तपासणी केली. जूनमधील पहिल्या निष्कर्षानुसार सुट्या ठेवलेल्या पुस्तकांवर तीन दिवसांनी विषाणू आढळला नाही. पुढच्या एका चाचणीत वस्तू एकावर एक रचून ठेवल्या, तेव्हा सहाव्या दिवशीही विषाणू आढळला. एप्रिल २०२१ मध्ये मात्र अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने पृष्ठभागावरून संसर्ग होण्याचा धोका कमी असल्याचे स्पष्ट केले. त्यानंतर पुस्तके बाजूला ठेवण्याची पद्धत मागे पडत गेली.

या बदलत्या माहितीचा देवघेवीवर काय परिणाम होतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, २०० बालपुस्तके आहेत आणि सुट्टी ५० दिवसांची आहे. चार-चार पुस्तकांच्या ५० पिशव्या केल्या. एक पिशवी सात दिवस घरी राहते.

- पुस्तके बाजूला ठेवायची नसतील, तर प्रत्येक पिशवीच्या ७ फेऱ्या. एकूण ३५० वेळा देवघेव.
- तीन दिवस बाजूला ठेवल्यास दहा दिवसांचे चक्र, ५ फेऱ्या, एकूण २५०.
- सहा दिवस ठेवल्यास तेरा दिवसांचे चक्र, ४ फेऱ्या, एकूण २००.

म्हणजे खबरदारीचा प्रत्येक जादा दिवस कुणा तरी मुलाची पिशवी कमी करतो. खबरदारी घेऊ नये असा याचा अर्थ नाही. ती घेताना तिची किंमत ठाऊक असावी आणि वैद्यकीय सल्ला बदलताच नियमही बदलावा, एवढाच अर्थ.

४. बडोद्याच्या पेट्या

पुस्तक वाचकाच्या दारी नेण्याचा धडा आपल्या परंपरेतही आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास बडोद्यास बोलावले. त्यातून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले. ज्या गावी ग्रंथालय नव्हते तेथे फिरत्या ग्रंथालयाच्या पेट्या जात. त्या चळवळीच्या 'लायब्ररी मिसेलनी' या नियतकालिकात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी मजकूरही असे. अलीकडे नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमानेही पेटीचाच आधार घेतला.

पेटीला वीज लागत नाही, मोबाइल लागत नाही. एका वाड्यात किंवा सोसायटीत एक पेटी आणि ती सांभाळणारे एक घर, एवढ्यावर पन्नास मुलांची सुट्टी निभावते.

५. नियोजनाचा आराखडा

(अ) यादी : मार्चमध्येच बालसभासदांची नावे, वयोगट, शाळेचे माध्यम आणि घरातील संपर्काचे साधन यांची नोंद करावी. संकट आल्यावर यादी करायला वेळ मिळत नाही.

(आ) पिशवी : वयाबरोबर मराठी वाचनाचा सरावही लक्षात घ्यावा. बारा वर्षांच्या मुलाला मराठी सावकाश वाचता येत असेल, तर मोठ्या अक्षरांचे पुस्तक द्यावे, पण विषय त्याच्या वयाचाच असावा. बाळबोध विषय हाती दिल्यास ते मूल पुन्हा येत नाही.

(इ) मोठ्यांचा सहभाग : पिशवीत एक पुस्तक आजी-आजोबांनी मोठ्याने वाचून दाखवण्याजोगे असावे. ज्या घरात मुले मराठी बोलतात पण वाचत नाहीत, तेथे हाच पूल ठरतो.

(ई) नोंद : किती पुस्तके वाचली यापेक्षा किती दिवस वाचले, याची नोंद मुलाने स्वतः ठेवावी. सावकाश वाचणारे मूल यात मागे पडत नाही.

(उ) बक्षीस : स्पर्धेचा पहिला क्रमांक काढण्याऐवजी, सहभागी झालेल्या प्रत्येक मुलाला एक पुस्तक कायमचे द्यावे.

(ऊ) पर्याय : ग्रंथालय उघडे, अर्धवट उघडे आणि पूर्ण बंद अशा तिन्ही स्थितींसाठी एकेक पान लिहून ठेवावे. कोणत्या स्थितीत कोणी काय करायचे, हे त्यात नावानिशी असावे.

महासाथ ओसरली असली, तरी हा आराखडा कपाटात ठेवून देण्याचा नाही. पूर, इमारतीची दुरुस्ती किंवा रिक्त राहिलेले ग्रंथपालाचे पद, यांपैकी कोणत्याही कारणाने ग्रंथालयाचे दार बंद होऊ शकते. सीमाभागातील मुलाला मराठी पुस्तक देणारे दुसरे दार बहुधा नसतेच. म्हणून येत्या मार्चच्या कार्यकारिणीच्या सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा आणि पहिल्या पेटीतील पुस्तकांची यादी त्याच दिवशी करावी.